गदा, फेटा आणि खुराक : चाळीसगाव परिसरातील हिवाळी दंगली व मल्लांच्या गौरवाची रूढी

जळगाव जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसलेल्या चाळीसगाव तालुक्यात बर्फ पडत नाही आणि पडण्याची शक्यताही नाही. तरीही या तालुक्याला स्वतःचा असा एक हिवाळी खेळ आहे, आणि तो म्हणजे मातीतील कुस्ती. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणारे तापमान पौषात अनेकदा दहा अंशांखाली उतरते, हवा कोरडी होते, भूक वाढते आणि पहाटेच्या मेहनतीनंतर अंग लवकर थकत नाही, म्हणून जोर, बैठका आणि मुद्गल यांवर भर देण्याचा काळ तालमींनी पूर्वापार कार्तिक ते माघ असाच धरलेला दिसतो. या शारीरिक कारणाइतकेच आर्थिक कारणही महत्त्वाचे होते. खानदेश हा काळ्या जमिनीचा आणि कपाशीचा मुलूख असल्याने कापूस वेचून विकला गेल्यावर, म्हणजे दिवाळीनंतरच, शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा येत असे. त्याच सुमारास दादर, गहू आणि हरभरा यांच्या पेरण्या उरकून थोडी उसंत मिळत असे, आणि गावोगावच्या यात्रांना व त्यांच्या जोडीने होणाऱ्या दंगलींना लागणारी वर्गणी याच पैशातून उभी राहत असे. नागपंचमीची कुस्ती श्रावणात होते हे खरे, आणि चैत्र-वैशाखातही अनेक गावांच्या यात्रा असतात. पण मल्लाची घडण आणि त्याच्या गावाची ऐपत हे दोन्ही हिवाळ्यातच जुळून येत असल्याने या खेळाला हिवाळी म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

दंगल म्हणजे यात्रेच्या किंवा उरुसाच्या निमित्ताने मोकळ्या मैदानावर भरणारा कुस्त्यांचा खुला सामना. तिचे व्यवस्थापन गावातील पंचांकडे असे. ते वर्गणी गोळा करीत, आखाड्याची माती नांगरून, खडे वेचून आणि पाणी शिंपडून तयार करून घेत, आणि आलेल्या मल्लांचे वय, अंगकाठी व नाव पाहून त्यांच्या जोडी लावीत. पहिल्या कुस्त्या लहान मुलांच्या, नारळावर किंवा रेवड्यांवर होत. त्यानंतर पितळी भांड्यांवरच्या, मग रोख इनामाच्या, आणि सूर्य कलताना अखेरची मानाची कुस्ती लागे. चितपट करणाऱ्या मल्लाला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावणाऱ्याला, पंच फेटा बांधीत, डफ किंवा हलगी त्याच्यापुढे वाजू लागे, आणि तो कडे करून बसलेल्या प्रेक्षकांसमोरून फेरी मारीत असताना लोक खुषीने त्याच्या हाती नाणी आणि नोटा देत. पराभूत मल्लालाही प्रवासखर्चापुरते काही दिले जाई, कारण तो न येता तर जोडच लागली नसती, हे साधे व्यवहारज्ञान पंचांना होते. आज क्रीडासंघटना ज्याला सहभागाचा गौरव म्हणतात तो खानदेशातील पंच फार पूर्वीपासून रोखीने चुकता करीत आले आहेत.

गौरवाची ही दृश्य बाजू होय. तिच्यामागे दुसरी, कमी दिसणारी आणि इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाची बाजू होती, ती खुराकाची. खुराक म्हणजे मल्लाचा विशेष आहार : दूध, तूप, बदाम, थंडाई, आणि घरच्या भाकरीपेक्षा कितीतरी अधिक अन्न. सामान्य शेतकरी कुटुंबाला हा खर्च वर्षानुवर्षे पेलणे अवघड असे. संस्थानी मुलखात तो राजा उचलीत असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लांना दिलेला आश्रय आणि १९१२ साली बांधून पूर्ण झालेले खासबाग मैदान ही त्याची सर्वांत ठळक उदाहरणे आहेत. खानदेश मात्र १८१८ पासून थेट इंग्रजी अमलाखाली गेलेला जिल्हा असल्याने येथे असा राजाश्रय नव्हता. म्हणून येथील मल्ल पोसला गेला तो घरच्या म्हशीच्या दुधावर, भाऊबंदांच्या मदतीवर आणि एखाद्या हौशी जमीनदाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या औदार्यावर. हा खर्च मल्ल जिंकण्यापूर्वी, बहुधा तो पोरसवदा असतानाच सुरू होत असे, आणि तो जिंकेलच याची कोणतीही हमी देणाऱ्याकडे नसे. फेटा हा निकालानंतरचा मान होता, खुराक हा निकालापूर्वीचा. आणि महाराष्ट्रातील क्रीडागौरवाचा पुढील शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर पहिला मान वाढत गेला आणि दुसरा आटत गेला, असे दिसते.

या इतिहासाचा आंतरराष्ट्रीय अध्याय पुण्यात सुरू होतो. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या एका मैदानी सामन्यात अनवाणी धावणाऱ्या खेळाडूंचा वेग पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने व मोठ्या प्रमाणावर त्यांच्याच खर्चाने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय पथक रवाना झाले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले, आणि कुस्तीत रणधीर शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकून त्यांना चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. योगायोगाची गोष्ट अशी की बर्फावरील खेळांना तोवर स्वतंत्र ऑलिंपिक नसल्याने फिगर स्केटिंग, म्हणजे बर्फावरील नृत्यसदृश घसरण, आणि आइस हॉकी हे दोन्ही खेळ याच अँटवर्पच्या कार्यक्रमात समाविष्ट होते. हिवाळी ऑलिंपिक वेगळे झाले ते १९२४ साली, फ्रान्समधील शामोनी येथे. मातीतले मल्ल आणि बर्फावरचे खेळाडू एका ऑलिंपिकच्या यादीत आले ते या एका वर्षी.

१९३६ हे वर्षही या संदर्भात नोंदवण्यासारखे आहे. त्या वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी, मल्लखांब आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, आणि त्याच ऑलिंपिकपासून धावपटूंनी ज्योत हातोहात नेण्याची प्रथा सुरू झाली. काही महिन्यांतच, डिसेंबरच्या थंडीत, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन चाळीसगावच्याच जिल्ह्यातील, म्हणजे तत्कालीन पूर्व खानदेशातील फैजपूर येथे झाले, आणि त्यासाठी मुंबईहून एक ज्योत धावत आणण्यात आली होती. तो राजकीय सोहळा होता, क्रीडेचा नव्हे. पण पायी धावणाऱ्या साध्या माणसाचे गावाच्या वेशीवर वाजतगाजत स्वागत करण्याची रीत खानदेशाला परकी नव्हती, एवढे त्यावरून म्हणता येते.

ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळविणारे स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू खाशाबा जाधव यांची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत असली, तरी गौरवाच्या रूढीच्या दृष्टीने तिच्यातील रकमा आणि त्यांचा क्रम पुन्हा पाहणे आवश्यक आहे. कराडजवळील गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता, आणि ते सहावे आले. १९५२ मध्ये संस्थान उरले नव्हते. मुंबई सरकारकडे मागितलेली मदत स्पर्धेपूर्वी मिळाली नाही. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकी येथे खाशाबांनी बँटम वजनगटात कांस्यपदक जिंकले, आणि परतल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. वाजंत्री, गुलाल आणि फेटे यांनी सजलेली ही मिरवणूक काही मिनिटांच्या वाटेवर तासन्‌तास चालली होती. त्यानंतर खाशाबांनी काय केले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते : त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे सामने भरविले, त्यात स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले. गौरव झालेल्या खेळाडूला त्या गौरवामागचे कर्ज स्वतःच फेडावे लागले, हा या रूढीतील दोष इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. सरकारी सन्मान तर त्याहून उशिरा आले. खाशाबा १९५५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक म्हणून नोकरीस लागले आणि १९८४ मध्ये एका रस्ता अपघातात त्यांचा अंत झाला. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही त्यांना मरणोत्तर मिळाले.

याच काळात कुस्तीच्या गौरवाला संस्थात्मक रूप येत होते. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने राज्यातील सर्वश्रेष्ठ मल्लासाठी महाराष्ट्र केसरी हा किताब सुरू केला, आणि १९६१ साली सांगलीकडील दिनकर दह्यारी हे त्याचे पहिले मानकरी ठरले. पुढे या किताबाबरोबर मोहोळ कुटुंबाकडून मामासाहेबांच्या स्मरणार्थ चांदीची गदा देण्यात येऊ लागली, आणि खांद्यावर गदा घेतलेला फेटेधारी मल्ल ही प्रतिमा राज्याच्या मनात पक्की झाली. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवून मातीतला मल्ल गादीवरही, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांच्या रबरी मॅटवरही, टिकतो हे दाखवून दिले. तरीही किताब आणि पदके यांचे भौगोलिक वाटप फार एकांगी राहिले. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे आणि सोलापूर या पट्ट्याबाहेरचा मल्ल महाराष्ट्र केसरी होणे ही अपूर्वाई समजली जाई. खानदेशात दंगली भरपूर होत, पण त्यांतील मानाच्या कुस्तीसाठी बाहेरून मल्ल बोलवावे लागत.

चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी येथील विजय चौधरी यांनी हे चित्र बदलले. त्यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशा सलग तीन वर्षी महाराष्ट्र केसरी किताब जिंकला. त्यांच्या आधी सलग तीनदा हा मान मिळविणारे नरसिंग यादव हे एकच मल्ल होते. या स्पर्धा प्रायः डिसेंबर-जानेवारीत होतात, त्यामुळे सलग तीन हिवाळे गदा चाळीसगाव तालुक्यात आली असे म्हणणे शब्दशः खरे ठरते. पुढे राज्य शासनाने चौधरी यांना पोलीस उपअधीक्षक पदावर थेट नियुक्ती दिली. खाशाबांना ऑलिंपिक पदकानंतर तीन वर्षांनी उपनिरीक्षकाची जागा मिळाली होती, हे लक्षात घेता गौरवाच्या या प्रकारात साठ वर्षांत झालेला बदल मोठा आहे, आणि त्याचे श्रेय खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखून ठेवणाऱ्या २००५ च्या निर्णयाला व त्यानंतरच्या थेट नियुक्त्यांच्या धोरणाला द्यावे लागते. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत चौधरी यांनी १२५ किलो वजनगटात सुवर्णपदक जिंकले. जगभरातील पोलीस आणि अग्निशमन दलांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९८५ पासून भरणारी ही स्पर्धा ऑलिंपिकच्या तोलाची नव्हे, आणि तसा दावा करणे खेळाडूवरही अन्याय करणारे ठरेल. परंतु तालुक्याच्या मातीत घडलेला मल्ल सरकारी नोकरी सांभाळून परदेशातल्या गादीवर उतरतो आणि जिंकतो, ही घटना खानदेशच्या क्रीडा-इतिहासात नवीन होती. विनिपेग हे कडाक्याच्या हिवाळ्यासाठी जगप्रसिद्ध असलेले शहर, आणि तेथील स्पर्धा भरली भर उन्हाळ्यात. चाळीसगावच्या हिवाळी मल्लाला बर्फ तेथेही दिसला नाही.

बर्फावरील खेळांशी खानदेशाचा संबंध अगदीच नाही असे मात्र नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी जळगावजवळील आसोदे येथील ज्या महाजन घराण्यात जन्मल्या, त्या घराण्याशी नाते सांगणाऱ्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुव प्रदेशात विमानातून छत्रीउडी घेतली; उत्तर ध्रुवावरील उडी ही त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. शासनाने त्यांना २०११ मध्ये पद्मश्री देऊन गौरविले. छत्रीउडी हा हिवाळी ऑलिंपिकमधील खेळ नाही, पण उणे तीस अंशांखालच्या थंडीत खेळलेल्या खेळाला हिवाळी न म्हणणे हा केवळ वर्गीकरणाचा हट्ट होईल. प्रत्यक्ष बर्फावरील स्केटिंगमध्ये महाराष्ट्रातील मुलेमुली अलीकडे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतून पदके मिळवू लागली आहेत. त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात शहरातील चाकांच्या स्केटिंगने होते, कारण राज्यात पूर्ण मापाचे बर्फाचे मैदान नाही आणि सरावासाठी लडाख किंवा डेहराडून गाठावे लागते.

या खेळाडूंना काय सोसावे लागते हे समजण्यासाठी हिमाचलातील शिवा केशवन यांचा वृत्तान्त उपयोगी पडतो. ल्यूज या खेळात, म्हणजे बर्फाच्या नळीसारख्या वळणदार मार्गावरून पाय पुढे करून उताणे झोपून घसरगाडी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने नेण्याच्या शर्यतीत, त्यांनी १९९८ च्या नागानोपासून २०१८ च्या प्याँगचँगपर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. नागानोला गेले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. मनालीच्या परिसरात ल्यूजचा मार्ग नसल्याने घसरगाडीला चाके लावून ते डोंगरी रस्त्यावर, मालमोटारी आणि गाईगुरे चुकवीत, सराव करीत. २०१० च्या ऑलिंपिकपूर्वी नव्या गाडीसाठी दिल्लीतील वकिलांनी आपसांत पैसे जमविले. २०१४ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्याने सोची येथील उद्घाटनात भारतीय खेळाडूंना तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजाखाली चालावे लागले, आणि स्पर्धा चालू असतानाच निलंबन उठल्यावर ध्वज परत मिळाला. केशवन यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०२० मध्ये, निवृत्तीनंतर. वकिलांची वर्गणी आणि गोळेश्वरची वर्गणी यांच्यात साठ वर्षांचे अंतर आहे, बर्फ आणि माती यांचे अंतर तर विचारायलाच नको; पण दोन्ही ठिकाणी खर्चाची वेळ आली तेव्हा शासन नव्हते आणि फेटा बांधण्याची वेळ आली तेव्हा ते उशिरा पोहोचले.

महाराष्ट्रातील सत्कार गेल्या काही दशकांत झपाट्याने भव्य होत गेले आहेत. गदेबरोबर आता चारचाकी वाहन दिले जाते, दंगलीचे फलक गावापासून तालुक्यापर्यंत लागतात, आणि जळगाव जिल्ह्यातील जामनेर येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये भरलेल्या दंगलीसाठी तर परदेशांतून मल्ल आणण्यात आले होते. महिलांचा महाराष्ट्र केसरी किताबही २०२३ मध्ये सुरू झाला आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडी त्याच्या पहिल्या मानकरी ठरल्या, ही या काळातील निर्विवाद प्रगती होय. तालमीच्या ज्या उंबऱ्याच्या आत मुलींना पाऊल टाकता येत नव्हते, तो ओलांडायला किताब निर्माण झाल्यापासून साठाहून अधिक वर्षे लागली. तथापि या भव्यतेतील बराचसा भाग राजकीय व्यासपीठाच्या गरजेतून आलेला आहे, हे मान्य करावे लागते. व्यासपीठाला जिंकलेला मल्ल हवा असतो. सोळा वर्षांचा, दुधाचा हिशेब न जुळणारा, गादीवर सराव करण्यासाठी पुण्याला जायचे भाडे नसलेला मल्ल त्याला दिसत नाही. जुन्या पंचांना तो दिसत असे, कारण तो त्यांच्याच गावचा होता आणि पुढच्या यात्रेत त्याची जोड त्यांनाच लावायची होती. गावाची ती नजर गेली आणि तिच्या जागी आलेली शासकीय योजना मुख्यतः पदक पाहून पैसे देते. तालमी ओस पडण्याची कारणे सांगताना मोबाईल आणि व्यायामशाळा यांच्याकडे बोट दाखविण्याची सवय झालेली आहे. खुराकाचा आटलेला झरा हे कारण त्यांहून जुने आणि अधिक खरे आहे.

राज्य शासनाने खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला असून २०२४ पासून तो पाळला जातो. ही तारीख नेमकी दंगलींच्या हंगामात, कापसाचा पैसा गावात असताना येते. चाळीसगाव तालुक्यातील ग्रामपंचायतींनी, यात्रा समित्यांनी आणि बाजार समितीने त्या दिवशी जिंकून आलेल्यांना फेटे जरूर बांधावेत. पण त्याच सभेत, अद्याप काहीच न जिंकलेल्या दोन-चार मुलामुलींचा वर्षभराचा खुराक आणि प्रवासखर्च गावाच्या नावे लिहून घ्यावा.